हसवणारे व्हिडिओ आणि आवडती गाणी पाठवायची कशी: नवीन माणसांसाठी

आमचं बेळगावातल्या वडगावात छोटं दुकान आहे, झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लग्नाच्या शूटिंगचं एडिटिंग असलं सगळं, आणि आता दोन-तीन वर्षं झाली झेरॉक्सपेक्षा जास्त लोक एकच गोष्ट विचारायला येतात, "ओ, हे तेवढं आमच्या ग्रुपवर कसं टाकायचं सांगा की." रोज चार जणांना तेच सांगून घसा बसायला लागला म्हणून एकदाच लिहून टाकतो. जे पोरांसारखे फोनवर वाढले नाहीत त्यांच्यासाठी हे आहे, पोरांना यातलं अर्धं माहीत असणार, उरलेलं अर्धं माहीत असूनही ती करत नाहीत तो भाग वेगळा.

एक काळ होता, दुकानादुकानांवर "गाणी भरून मिळतील" अशी पाटी असायची, २ जीबीचं कार्ड घेऊन माणूस यायचा, जुनी मराठी, नवी हिंदी, चार कन्नड आणि एक फोल्डर कॉमेडीचं, आमच्याकडंपण ती पाटी होती, खोटं कशाला बोलू. मग सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, नेट स्वस्त झालं, आणि ते कार्ड कपाटात गेलं. पण सवय तीच राहिली. फाईल घ्यायची आणि पुढं ढकलायची, कुणाची आहे, कुठनं आली काही बघायचं नाही. माझं सगळं सांगणं त्या एका सवयीबद्दलच आहे. पाठवा की, रोज पाठवा, पण आधी स्वतः शेवटपर्यंत बघा, मूळ कुणाचं आहे ते पुसू नका, आणि ज्याला पाठवताय त्याला का पाठवलं ते एका ओळीत लिहा. बाकी सगळं बटणं दाबणं आहे, ते येतंय.

पहिली पायरी: फोन गुदमरायला नको

नवीन फोन घेतल्यावर महिन्याभरात "स्टोरेज फुल" म्हणत येणारे लई आहेत. कारण सरळ आहे, ग्रुपवर येणारा प्रत्येक व्हिडिओ आपोआप उतरतो. व्हॉट्सॲपात सेटिंग्ज, मग स्टोरेज अँड डेटा, तिथं मीडिया ऑटो-डाउनलोड असं लिहिलेलं असतंय. खाली तीन खाने, मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग. तिन्हीत जाऊन व्हिडिओची टिक काढा. रोमिंगचं का सांगतोय, तर आपण पडलो सीमेवरची माणसं, निपाणीच्या पुढं कागलकडं सरकलं किंवा चंदगडच्या पाहुण्यांकडं गेलं की फोन महाराष्ट्राचा टॉवर पकडतो आणि वर रोमिंगचं चिन्ह येतंय. आता त्याचे जादा पैसे जात नाहीत, पण व्हॉट्सॲपच्या हिशेबात ते रोमिंगच.

आणि सेटिंग्जमध्येच चॅट्सच्या आत मीडिया व्हिजिबिलिटी म्हणून आहे, तेपण बंद करा, म्हणजे ग्रुपवरची गुड मॉर्निंगची फुलं तुमच्या नातवंडांच्या फोटोत येऊन बसणार नाहीत.

दुसरी पायरी: लिंक पाठवायची का फाईल

इथं बहुतेक जण चुकतात. यूट्यूबवर किंवा इन्स्टावर काही आवडलं तर त्याच्या खाली शेअरचा बाण असतोय, तो दाबायचा, व्हॉट्सॲप निवडायचं, माणूस निवडायचा, झालं. ही लिंक. बघणारा मूळ जागेवर जाऊन बघतो, ज्यानं बनवलं त्याच्या खात्यावर एक व्ह्यू पडतो, आणि तुमचा किंवा त्याचा फोन भरत नाही. लोक काय करतात, कुठल्या तरी ॲपनं व्हिडिओ उतरवतात, नाहीतर स्क्रीन रेकॉर्ड करतात, मग त्यात वरची बॅटरी दिसते, मध्येच बायकोचा मेसेज येऊन गेलेला दिसतो, आणि ती फाईल फिरते. बनवणाऱ्या पोरानं चार दिवस घासलेले असतात आणि त्याचं नावच गायब.

लांब व्हिडिओतला एकच तुकडा दाखवायचा असेल तर, समजा दोन तासांच्या भजनाच्या मैफलीतला एकच अभंग, संगणकावर यूट्यूबच्या शेअरमध्ये "अमुक वेळेपासून सुरू" असा चौकोन असतो, त्याला टिक केली की लिंक तिथूनच उघडते. फोनवर सापडत नसेल तर डोकं लावू नका, लिंकखाली सरळ लिहा, "४१ मिनिटांपासून बघ, पेटीवाल्याचा हात बघ." एवढ्यानं काम होतंय आणि त्या एका ओळीमुळं समोरचा खरंच बघतो. नुसती लिंक आली की माझ्यासारखा माणूस "नंतर बघू" म्हणतो आणि नंतर कधीच येत नाही.

फाईल पाठवायची ती स्वतः काढलेल्या व्हिडिओची. त्यातपण एक गोम आहे, व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून बारीक करतंय, म्हणून लग्नातला सुंदर व्हिडिओ समोरच्याला धुक्यातला दिसतो. पाठवताना वर एचडी असं बटण असतंय ते दाबा, अजून चांगला पाहिजे असेल तर अटॅचमधनं डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जसाच्या तसा जातो. पण मग समोरच्याच्या दिवसाच्या दीड जीबीचाही विचार करा, फुल एचडीत १ मिनिट साधारण ६० ते १३० एमबी खातंय, आणि दहा मिनिटांचं बारसं डॉक्युमेंट करून पाठवलं तर त्याचा त्या दिवसाचा बराचसा डेटा तिथंच गेला.

तिसरी पायरी: स्वतः काढायचा असेल तर

व्हॉट्सॲपच्या कॅमेऱ्यातनं काढू नका, फोनच्या कॅमेऱ्यातनं काढा. स्टेटस, रील, शॉर्टसाठी फोन उभा, टीव्हीवर लावून घरच्यांना दाखवायचा असेल तर आडवा. झूम करू नका, दोन पावलं पुढं जा.

चित्र कसंही आलं तरी चालतंय, आवाज बिघडला की संपलं, हे मी लग्नाच्या शूटिंगात मार खाऊन शिकलोय. आमच्याकडं दिवसभर कापड विणायच्या मागांचा खटखटाट, आम्हाला तो ऐकू पण येत नाही, पण व्हिडिओत तोच पहिला ऐकू येतंय. शेजारचा माग चालू असताना पोराचा विनोद रेकॉर्ड केला तर विनोद माग खाऊन टाकतो. जेवणाच्या सुट्टीत काढा, नाहीतर लाईट जाते तेव्हा, आणि लाईट जातेच. खानापूरकडं पावसाळ्यात पत्र्याखाली काही रेकॉर्ड करायला जाऊ नका, जांबोटी-कणकुंबीचा पाऊस पत्र्यावर म्हणजे दुसरं काही ऐकायचं नाही.

फोनचा माईक खाली चार्जिंगच्या भोकाजवळ असतो, तिथं बोट येऊ देऊ नका, निम्म्या लोकांचा आवाज बोटामुळंच दबतो. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीत किंवा गणपतीत डॉल्बीच्या पुढ्यात उभं राहून काढलं तर घरी आल्यावर नुसती फरफर, माईकला तेवढा आवाज झेपतच नाही. वीस-तीस पावलं मागं, बाजूच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहा, तिथं ढोल ढोलासारखा येतो. भजनाला बसलात तर टाळांपासून लांब, गाणाऱ्याच्या आणि पेटीच्या बाजूला, कारण टाळ जवळ असले की बाकी सगळं गेलं. सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर चौंडकं वाजवणाऱ्या जोगत्यांचं कुणी रेकॉर्ड करत असेल तर आधी विचारा, त्यांच्यासाठी ती सेवा आहे, आणि विचारल्यावर बरेचदा ते स्वतःच सांगतात कुठं बसून काढ म्हणून.

मग कापायचं. गॅलरीत व्हिडिओ उघडून एडिट दाबलं की खाली पट्टी येते, दोन्ही टोकं आत ओढायची आणि कॉपी म्हणून सेव्ह करायचं, मूळ तसंच ठेवायचं. विनोदाच्या व्हिडिओत हसू येतं ती जागा झाली की दोन सेकंदांत कापा. लोक काय करतात, गंमत झाल्यावर पुढं पंधरा सेकंद "अरे बघितलास काय, बघितलास काय" चालू ठेवतात, तेवढ्यात हसू वाळून जातं. सुरुवातपण तशीच, "हां चालू झालं काय, झालं काय" हे कापून टाका. यूट्यूब शॉर्ट आता ३ मिनिटांपर्यंत चालतंय, ऑक्टोबर २०२४ पासून, पण चालतंय म्हणून ३ मिनिटं करायचं कारण नाही.

चौथी पायरी: गाणं, आणि इथं जरा बसून वाचा

"दहा सेकंदाचं गाणं घेतलं तर चालतंय, कायदा आहे तसा." आठवड्यातनं एकदा तरी ऐकतो हे. असा कायदा नाही. दहा नाही, तीस नाही, पाच पण नाही. यूट्यूबकडं कंटेंट आयडी म्हणून यंत्रणा आहे २००७ पासून, कंपन्यांनी त्यांची गाणी त्यात देऊन ठेवलेली असतात आणि तुमचा व्हिडिओ चढला की ती जुळवून बघते, थोडक्या सेकंदांचा तुकडा पण ओळखते. आणि खाली "कॉपीराइट मोडायचा हेतू नाही" असं लिहिल्यानं काही होत नाही, उलट तुम्हाला माहीत होतं एवढंच सिद्ध होतं.

गाण्याचे तीन थर धरा. शब्द एकाचे, चाल एकाची, रेकॉर्डिंग तिसऱ्याचं. तुकोबांच्या अभंगाचे शब्द तुमचे-आमचे सगळ्यांचे, साडेतीनशे वर्षं होऊन गेली. पण त्याला कुणी नवीन चाल लावली असेल तर चाल त्याची, आणि कंपनीनं रेकॉर्ड केलं असेल तर रेकॉर्डिंग कंपनीचं. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क ते बाहेर आलं त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, म्हणजे १९६० ला निघालेली तबकडी १ जानेवारी २०२१ ला मोकळी झाली. शब्द आणि चाल यांचं मोजमाप वेगळं, लिहिणारा आणि चाल लावणारा गेल्यानंतर ६० वर्षं. म्हणून तबकडी मोकळी झाली तरी गाणं मोकळं झालं असं धरू नका.

आमचे एक गिऱ्हाईक आहेत, गाण्यातले दर्दी, ते म्हणाले कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीत जन्मले, १९२४ साली, आपलेच आहेत, मग त्यांचं रेकॉर्डिंग मी टाकलं तर कोण काय म्हणणार? अभिमान बरोबर आहे हो, पण जन्मगावावरनं हक्क मिळत नाही, नाहीतर अख्ख्या बेळगाव तालुक्याला मिळाला असता. त्यांना मी सांगितलं लिंक पाठवा आणि खाली तुम्हाला कुठली जागा आवडते ते लिहा. आता ते रोज रात्री एक लिंक आणि चार ओळी पाठवतात, आणि खरं सांगतो त्या चार ओळी वाचून मी राग ऐकायला लागलो, नुसतं रेकॉर्डिंग आलं असतं तर कधीच ऐकलं नसतं.

मग आपल्या व्हिडिओला गाणं लावायचं कसं? इन्स्टा आणि शॉर्ट्समध्ये व्हिडिओ बनवतानाच म्युझिक किंवा साउंडचं बटण असतंय, तिथली गाणी त्या त्या ॲपनं कंपन्यांशी बोलून ठेवलेली असतात, तिथंच लावा. बाहेर एडिट करून गाणं चिकटवून आणू नका. एक अडचण, इन्स्टाचं खातं बिझनेस म्हणून केलं असेल तर तिथं निम्मी गाणी दिसतच नाहीत, गणपत गल्लीतले आमचे एक साडीवाले मित्र यावरनं फोन बिघडला समजून आले होते. फोन ठीक होता, दुकानाच्या जाहिरातीला सिनेमाचं गाणं फुकट मिळत नसतं एवढंच. त्यांना यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतलं संगीत काढून दिलं, ते फुकट आहे, काहींना फक्त नाव द्यावं लागतं.

आणि तुमच्या मंडळानं स्वतः पारंपरिक चालीत भजन गायलंय तरी कधीकधी यूट्यूब क्लेम मारतंय, कारण तीच चाल कुठल्या तरी कंपनीच्या रेकॉर्डिंगमध्ये पण असते आणि यंत्राला फरक कळत नाही. घाबरू नका. क्लेम वेगळा आणि स्ट्राइक वेगळी. क्लेम म्हणजे जाहिरात लागली तर पैसे त्यांना, किंवा काही ठिकाणी व्हिडिओ दिसणार नाही. तुमचंच गाणं असेल तर डिस्प्यूट करता येतो, तिथं लिहायचं आम्हीच गायलंय, चाल पारंपरिक आहे. स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याची ताकीद, ती मात्र जड, ९० दिवसांत ३ आल्या तर चॅनेलच जातो. म्हणून माझी पद्धत अशी, आधी अनलिस्टेड, म्हणजे लिंक असेल त्यालाच दिसेल असं, करून चढवायचं, चहा पिऊन यायचं, काही क्लेम आलाय का बघायचं, मग पब्लिक करायचं.

पाचवी पायरी: ज्याचा व्हिडिओ त्याला विचारा

हे माझ्यावरच बेतलंय म्हणून सांगतो. आमचे तात्या, वडिलांचे थोरले भाऊ, खानापूर तालुक्यात शेती. जुलैत रोप लावणीला गेलो होतो, तात्या पेंढी फेकायला वळले आणि चिखलात असे सावकाश बसले, सावकाश म्हणजे बसताना टोपीपण सावरली. मी काढला. लई हसलो सगळे, तात्यापण हसले. रात्री मी तो घरच्या ग्रुपवर टाकला, घरचाच तर ग्रुप, अठ्ठावीस माणसं. तिथनं तो कुणी आत्याच्या ग्रुपला दिला, तिथनं तात्यांच्या लेकीच्या सासरी गेला, आणि तिसऱ्या दिवशी तिच्या दिरानं वर कसलं तरी गाढवाचं गाणं चिकटवून स्टेटसला ठेवला. तात्या शेतात हसले होते ते आमच्यासमोर, व्याह्यांसमोर नव्हे. दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत, गौरीला गेलो तेव्हा पानावर बसवलं पण तोंड दुसरीकडं. शेवटी काकूनं मध्ये पडून मिटवलं.

ग्रुप घरचा असला तरी फॉरवर्डचं बटण कुणाच्याच घरचं नसतंय. म्हणून कुणी पडलं, घसरलं, झोपेत बरळलं, लग्नात वेडंवाकडं नाचलं तर त्यालाच आधी दाखवा आणि विचारा, टाकू काय? लहान पोरांचा व्हिडिओ त्यांच्या आईबापाला विचारल्याशिवाय नाही, शाळेचा गणवेश आणि शाळेचं नाव दिसत असेल तर अजिबात नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाची टिंगल करून कमावलेल्या लाइकला मी तरी लाइक म्हणत नाही.

सहावी पायरी: पुढं ढकलण्याआधी वरचा बाण बघा

मेसेजवर एक बाण म्हणजे कुणीतरी पुढं ढकललेलं. दोन बाण म्हणजे लई हात फिरून आलेलं, पाच किंवा जास्त वेळा पुढं गेलेलं, आणि तसलं एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतं, २०२० पासून. एरवीचं पाच ठिकाणी. ही अडवणूक कशासाठी आहे ते आपल्या भागात वेगळं सांगायला नको. कन्नड बोलणाऱ्याची मराठीत टिंगल, मराठी बोलणाऱ्याची कन्नडमध्ये टिंगल, कंडक्टर आणि प्रवाशाची तिकिटावरनं भांडणं, असले व्हिडिओ हसण्याच्या नावाखाली येतात आणि १ नोव्हेंबर, कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस, जवळ आला की तर पूरच. निम्मे वेळा व्हिडिओ जुना असतो, कुठल्या भलत्याच गावचा असतो, वर ओळ तेवढी नवीन लिहिलेली. आपली भाषा, आपला प्रश्न हे सगळं आहेच, त्यावर बोला की, पण स्वतःच्या नावानं बोला, दोन बाणवाल्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून नको. आमच्या गल्लीत एका दाराला मराठी, दुसऱ्या दाराला कन्नड, आणि दोन्ही घरांत कुंदा एकाच दुकानातनं येतो.

विनोद करायचाच तर स्वतःच्या बोलीवर करा. आपण "जेवलास काय गा" म्हणतो ते पुण्याच्या भाच्याला ऐकवा, तो हसतो, आपण हसतो, कुणाचं डोकं फुटत नाही.

लिंक कसली हे पण बघा. "तुमचा मजेशीर व्हिडिओ बघा" म्हणून ओळखीच्याच नंबरावरनं येतं आणि ॲप इन्स्टॉल करा म्हणतं. व्हिडिओ बघायला कधी ॲप इन्स्टॉल करावं लागत नाही. लग्नपत्रिकेच्या नावानं पण अशा एपीके फाईली, म्हणजे उघडल्या की ॲप बसवणाऱ्या फाईली, फिरतात, उघडू नका, पाठवणाऱ्याला साधा फोन लावून विचारा, बरेचदा त्याला माहीतच नसतं. पैसे गेलेच तर लाजत घरी बसू नका, लगेच १९३० ला फोन, सायबर फसवणुकीसाठीचा सरकारी नंबर आहे तो.

राहिलं एक, चुकून भलत्या ग्रुपवर गेलं तर

जाणारच. माझं गेलंय, तुमचंपण जाईल. मेसेज दाबून धरा, डिलीट, मग "डिलीट फॉर एव्हरीवन". साधारण अडीच दिवसांपर्यंत ते चालतं, पण तोवर बघायचं ते बघून झालेलं असतंय, म्हणून जेवढं लवकर तेवढं बरं, आणि खाली "चुकून आलं, माफ करा" एवढं लिहून मोकळं व्हा, लांबण लावू नका. गडबडीत लोक "डिलीट फॉर मी" दाबतात, मग तुमच्या फोनमधनं जातं आणि ग्रुपवर सगळ्यांना दिसत राहतं, आणि तुम्हाला आता ते काढतापण येत नाही. तसं झालंच तर खाली पाचेक सेकंद "अन्डू" दिसतंय, चष्मा हुडकत बसू नका, आधी ते दाबा.